चाखतं कोण?

"जेवण वाढायच्या आधी चाखतं कोण?" असं त्या नांदेडच्या विनोदनं विचारलं आणि माझ्या तोंडून "उमाबाई" असं निघून गेलं. एकच शब्द. पोटातून आला नाही, डोक्यातून आला नाही, दातांच्या मागं तयार बसलेला असावा तसा बाहेर पडला. विनोदनं तो लगेच लॅपटॉपवर टिपला. चार-पाच वेळा बोटं आपटली, की झालं उमाबाईचं काम. ती मागच्या मोरीवर जर्मनची भगोणी घासून राहिली होती. तिचा हात थांबला. एक श्वास घेऊन सोडावा इतकाच वेळ थांबला, आणि मग घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात नाही, हळू नाही, होता तसाच. मला राग आला तो त्या 'होता तसाच'चा. भगोणं आपटलं असतं, पुढं येऊन "आक्का, हे काय बोलून राहिलात?" म्हणाली असती, तर मी तिला तिथल्या तिथं झापलं असतं आणि माझं मन मोकळं झालं असतं. पण तिनं मला तेवढंही दिलं नाही.

झालं होतं ते असं. लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे, बावीस वर्षांची. डॉक्टर व्हायला आलेली एकशेवीस पोरं-पोरी माझ्याकडं दोन वेळा जेवतात. रविवारी दुपारी पनीरची भाजी केली होती. संध्याकाळी त्यातल्या त्रेचाळीस जणांना उलट्या-जुलाब लागले. अकरा जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मंगळवारपर्यंत दहा घरी गेले, एक पोरगी राहिली, मुदखेडची शिल्पा, तिच्या लघवीचं काहीतरी बिघडलं होतं आणि डॉक्टर 'बघू' म्हणत होते. 'बघू' हा शब्द मला चांगला माहीत आहे. आमच्या मालकांच्या वेळीही डॉक्टर चार दिवस 'बघू' म्हणत होते. अन्न-औषधवाले येऊन डबे भरून घेऊन गेले, स्वयंपाकघराच्या दाराला बंदीचा कागद चिकटवून गेले. आणि माझ्या पोरानं, मल्लिनाथनं, पहिला फोन केला तो या विनोदला. देवाला नाही, वकिलाला नाही, याला.

याचा धंदा काय, तर लोकांवर आफत आली की हा येतो. आधी पेपरात होता म्हणे, दुसऱ्याची लाज वेशीवर टांगायचा. आता ती झाकायची कशी ते शिकवतो. दवाखाने, शाळा, साखर कारखाने, सगळीकडं याचं जाणं-येणं. वर्षामागं एकदा आला होता, काही घडलेलं नसताना. तेव्हा त्याचं म्हणणं, आफत यायच्या आधीच तयारी करावी. कुणी कुणाला फोन करायचा, ॲम्ब्युलन्स कुठून मागवायची, काय बोलायचं, काय नाही, अशी जाड फाईल देऊन गेला होता. मी ती वेट ग्राइंडर डुगडुगत होता त्याच्या पायाखाली घातली. नीट बसली होती. आज आल्या आल्या त्यानं ती तिथं बघितली, नुसता हसला. आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून म्हणाला, "आक्का, बाहेर काय सांगायचं ते नंतर ठरवू. आधी खरं काय ते मला सांगा. माझ्यापासून काही लपवलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." मला वाचवणार म्हणे. हा. याच्या वयाची पोरं माझ्या हातचं जेवून डॉक्टर झाली. बाकी मी याच्यापेक्षा जास्त आफती कमरेला बांधून हिंडले आहे. तरी मी त्याला सगळं सांगितलं. पनीर शनिवारी संध्याकाळी आलं, रात्री लाईट गेली, सकाळी आली. हे सगळं खरं. आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला.

माझ्या स्वयंपाकघरात कुणीच चाखत नाही. आधी निवद, मग माणूस. भाजी झाली, भात झाला, की पहिलं ताट मी लिंगापुढं ठेवते, इभूत लावते, हात जोडते, मग वाढप. त्याआधी चमचा जिभेला लावला तर अख्खं भगोणं उष्टं. मीठ मी वासावरून ओळखते. यात फुशारकी नाही, शंभर माणसाच्या आमटीवर तोंड नेलं की मला कळतं चिमूट कमी आहे की मूठ. पोरांचे आई-बाप गावोगावी सांगायचे, लातुरात आक्काची मेस आहे, बाई न चाखता मीठ टाकती आणि कणभर इकडं-तिकडं होत न्हाई. त्या एका गोष्टीवर मेसच्या दारावर माझ्या नावाचा फळा उभा राहिला. आणि ती गोष्ट मला कुठं मिळाली? उदगीरला, सोळाव्या वर्षी. लग्नाला महिना झाला नव्हता. स्वामी जेवायला येणार होते. मी आमटीचा एक थेंब तळहातावर घेऊन चाटला, माहेरी घ्यायचे तसा. सासूनं बघितलं. आमटीचा गंज दोन्ही कानांनी उचलला, बाहेर नेला आणि सगळ्या बायकांसमोर नालीत ओतला. चिंचेचा, गुळाचा वास गल्लीभर. आत आली, माझा हात धरला, तळहात उलटा करून सगळ्यांना दाखवला. "बघा गं, सुनबाईंची जीभ बघा कुठवर जाती ती." तळहातावर आमटीचा ओला डाग होता, पिवळा. बायका हसल्या. आज अठ्ठावन्न वर्षांची आहे मी, अजून कधी कधी हात धुताना तो तळहात मी जास्त वेळ घासते. पण मी सासूला नावं ठेवत नाही. ज्या दिवशी माझ्या हाती भगोणं आलं, त्या दिवशी मीही तेच केलं.

उमाबाई देवणीकडची. नवरा वारल्यावर आली, आमच्यातली नव्हे. पहिल्याच आठवड्यात तिनं भाजीचा रस तळहातावर घेतला. मी गंज ओतला नाही, सत्तर पोरं जेवायची होती. मी तिचा तळहात धरला आणि उलटा केला. नेमकं तसंच. तेव्हा मला सासू आठवली की नाही हे आता सांगता येत नाही. देवाचं उष्टं होतं, असं मी म्हणाले. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हणाले आहे की त्याची मला कधी शंका आली नाही. पण आज विनोद समोर बसला असताना, कुठून कोण जाणे, मला माझी नणंद दिसली. ती आली की माझ्या चुलीशी उभी राहून कढईतली बटाट्याची फोड उचलून तोंडात टाकते, फुंकर मारत, बोटं चाटत. तिला मी कधी काही बोलले नाही. देव तेव्हा कुठं जातो? मी हा विचार पदरानं झटकून टाकला. असले विचार यायला माणसानं रिकामं बसायला लागतं, आणि दोन दिवस चूल बंद असल्यानं मी रिकामी होते, म्हणून आला. पण झटकलेला विचार जमिनीवर पडून राहतो, जाता-येता पायाला लागतो.

आणि रविवारची सकाळ. पनीर मला आवडत नाही. माझ्या माहेरी नव्हतं, सासरी नव्हतं, मी ते खात नाही. पोरं मागतात म्हणून रविवारी. उमाबाई तुकडे करायला बसली आणि म्हणाली, "आक्का, हे हाताला चिकट लागून राहिलंय. वासबी निराळाच हाय. एक तुकडा चाखून बघू का?" मी देवाजवळची फुलं बदलत होते. मागं न वळता म्हणाले, "निवदाच्या आधी? बावीस वर्षं झाली उमाबाई, अजून जीभ आवरत न्हाई?" ती म्हणाली, "जिभेसाठी न्हाई वो, पोरांसाठी." मी म्हणाले, "मसाला पडला की वास जातो. टाक." तिनं टाकलं. हे त्या घरात दोन माणसांना माहीत होतं. एक ती, एक मी. आणि मी खात नसल्यामुळं मला काही झालं नाही. गल्लीत लोक तेच बोलून राहिले होते, मालकीणबाई ठणठणीत. वासाचं म्हणाल तर मलाही आला होता. मिठाचा वास ओळखणारं नाक ते. मसाल्याच्या आधी, फुलांच्या वासातून, एक आंबूस झुळूक आली होती. ती कशाची हे मला कळलं नाही, कारण ज्याला आपण घरचं मानत नाही त्याचा चांगला वास कुठला आणि नासका कुठला, हे नाकाला शिकवलेलंच नसतं. आणि मला कळलं नाही असं माझ्या चुलीशी उभं राहून म्हणायचं, तर मग त्या फळ्यावर माझं नाव कशाला?

विनोदनं कागद तयार केला. मल्लिनाथ त्याच्या खांद्यावरून बघत होता. "चाखायची जबाबदारी उमाबाईची होती ना? मग तेच टाका. आपल्याला काय, सरळ आहे." विनोदनं एकदा माझ्याकडं बघितलं, रोखून. त्याच्या डोळ्यात पेपरवाला अजून जिवंत होता. "आक्का, पुन्हा एकदा विचारतो. हे पक्कं? एकदा बाहेर गेलं की मागं घेता येत नाही." मी म्हणाले, "एकदा सांगितलं ना." मग त्यानं मला शिकवायला सुरुवात केली. 'माफी' म्हणायचं नाही, 'खेद' म्हणायचं. हात बांधायचे नाहीत. कुणी ओरडलं तर आपण ओरडायचं नाही. मुलांची तब्येत हे पहिलं वाक्य, कारवाई हे दुसरं, मेस पुन्हा कधी सुरू होणार हे विचारल्याशिवाय बोलायचं नाही. खेद. मी तो शब्द दोन-तीनदा तोंडात फिरवून बघितला. त्याला ना मीठ ना तिखट. तालीम म्हणून त्यानं माझ्या सुनेला, सुकन्याला, पेपरवाली केलं. ती मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून उभी राहिली. "तुमच्या निष्काळजीपणामुळं मुलींचा जीव धोक्यात आला, तुम्हाला काय वाटतं?" बारा वर्षांत पहिल्यांदा तिला मला दरडावून विचारायची संधी मिळाली होती आणि गालावर लाली आली होती बाईच्या. मी म्हणाले, "तुला काय वाटतं ते सांग आधी." विनोद म्हणाला, "आक्का, असं नाही. प्रश्नाला प्रश्न नाही." "मग हिला सांगा, इतकं मन लावून विचारू नको." मल्लिनाथ वैतागला. "अव्वा, इथं आपली इज्जत चालली आणि तुला टोमणे सुचतात." इज्जत. त्याला इज्जत म्हणजे फळा वाटतो. मोरीवरचा आवाज थांबला होता. भगोणी संपली असतील. ती तिथं काय करत होती कुणास ठाऊक. बावीस वर्षांत पहिल्यांदा उमाबाई माझ्या घरात होती आणि ती काय करतेय ते मला माहीत नव्हतं.

चार वाजता अंगणात लोक जमले. पन्नासेक आई-बाप, दोन कॅमेरेवाले, काही बघे. ऊन पत्र्यावरून उतरून थेट तोंडावर येत होतं. विनोदनं कागदावर मोठी अक्षरं छापली होती. मी तिसरी शिकलेली आहे. पेपर वाचते, बोट ठेवून, जोडाक्षराशी जरा थांबते, पण वाचते; लोकांसमोर मोठ्यानं वाचायची वेळ कधी आली नव्हती. पहिलं वाक्य नीट गेलं. बहुतेक सर्व विद्यार्थी सुखरूप असून. दुसऱ्याला घाम फुटला. "सं-बं-धित स्वयंपाकी क-र्म... कर्मचाऱ्याने अन्न चाखण्याच्या क-र्त-व्यात कसूर केल्याचे..." माझाच आवाज मला पहिलीतल्या पोरीसारखा ऐकू येत होता. मागून कुणी तरी हसलं. कसूर म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं, इकडं पोरासोरांना कळतं, तो शब्द बरोबर जाऊन बसला. "कोण हाय ती? नाव सांगा!" "बाहेर काढा तिला, पोरांना काय खायला घातलं ते विचारू!" दोन-तीन बाप्ये स्वयंपाकघराच्या बाजूला सरकले. विनोद हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "पुढं वाचा. थांबू नका." आणि तेवढ्यात शिल्पाचा बाप, भागवत, पुढं आला. मुदखेडचा शेतकरी माणूस, तीन दिवसांचा दाढीचा खुंट, पायात चिखलाची चप्पल, दवाखान्यातून तसाच उठून आलेला. तो ओरडला नाही. "मालकीणबाई," तो म्हणाला, "रांधायची ती बाई. चाखायची ती बाई. मंग तुमचं काय होतं वो तितं? फळ्यावरचं नाव?"

मला वाटतं, तो रडला असता तर मी वाचत राहिले असते. शिव्या दिल्या असत्या तरीही. अंगावर धावून आला असता तर मल्लिनाथ मध्ये पडला असता आणि सगळं सोपं झालं असतं. पण त्यानं मला माझ्याच चुलीपासून उचलून बाहेर ठेवलं. नुसतं नाव. नुसता रंगवलेला पत्रा. म्हणजे बावीस वर्षं मी तिथं उभी नव्हतीच. माझ्या पायाच्या अंगठ्यापासून काहीतरी चढत आलं, ते चांगुलपण नव्हतं, कुणी तसं समजू नये. तो राग होता, निव्वळ राग, आणि त्याला दुसरीकडं जायला वाट नव्हती. "ए भागवत," मी म्हणाले, "जीभ सांभाळून बोल. माझ्या चुलीवर माझ्या हुकमाबिगर मिठाचा खडा पडत न्हाई. तिची काय छाती हाय चूक करायची? ती म्हणली होती, पनीर चिकट लागतंय, चाखून बघू का. मी न्हाई म्हणले. मी. निवदाच्या आधी चाखायचं न्हाई, ही माझी रीत हाय. तिचा काय संबंध?" आणि कागद मी चुरगळला नाही, फाडला नाही, नीट चौघडी घालून विनोदच्या हातात दिला. त्याचा होता.

कॅमेरेवाला पाय बदलून उभा राहिला. भागवतनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, जसं काही मी कुठल्या गावची ते त्याला आठवत नव्हतं. मग म्हणाला, "म्हंजी आधी देवानं खाल्लं, मंग माझ्या पोरीनं. देवाला काई झालं न्हाई वाटतं." आणि वळून गेला. दवाखान्याकडंच गेला असणार. मग ओरडा सुरू झाला, खुर्ची पडली, कुणी फळ्याला धोंडा मारला, पत्र्याचा आवाज घुमला. विनोदनं लॅपटॉप पिशवीत घातला. त्याची शिकून घेतलेली पुण्याची बोली कुठल्या कुठं गेली. "आक्का, दुपारी मी दोनदा विचारलं होतं. तवा सांगितलं असतं तर हेच वाक्य मी तुमाला नीट बोलायला शिकवलं असतं. आता काई करता येत न्हाई." मल्लिनाथनं माझ्याकडं पाठ केली. सुकन्याला म्हणाला, "हिला आत ने." मला. स्वतःच्या घरात. मी सुकन्याचा हात झटकला आणि माझी मी आत गेले.

मला वाटलं होतं उमाबाई रडत असेल. खोटं कशाला सांगू, मला ते हवं होतं. तिनं पदर डोळ्याला लावावा, आक्का म्हणून पाया पडावं, मी "ऊठ, नाटकं पुरे" म्हणावं. अंगणात इतकं गमावलं तर आत काहीतरी मिळावं की नाही? ती मागच्या खोलीत तिची कापडी पिशवी भरून उभी होती. चेहरा कोरडा. मी म्हणाले, "ऐकलंस ना? तुझ्यावर काही येत न्हाई आता." "ऐकलं," ती म्हणाली. "मग पिशवी कशाला?" मला वाटतं, इतक्या वर्षांत तिनं माझ्या डोळ्यात बघून बोललेलं ते पहिलंच. "आक्का, बावीस वर्षं भाजी मी टाकली. लोक म्हणायचे, आक्काच्या हाताची चव. म्या कधी काई म्हणले न्हाई. दुपारी तुमी माझं नाव घेतलं तवा पोटात आग पडली. पर मोरीवर बसल्या बसल्या वाटलं, चला, या चुलीवर एकदा तरी उमाबाईचं नाव लागलं. वाईट तर वाईट. तेबी तुमी लोकांपुढं काढून घेतलं. तिची काय छाती, म्हणलात."

"मग काय म्हणायला पाहिजे होतं?" मी विचारलं. माझा आवाज मला चढलेला ऐकू आला. "चाखू का म्हणून विचारत बसलीस. चाखायचं होतंस. माझ्या तोंडाकडं कशाला बघत बसलीस?"

"हाव," ती म्हणाली. "चाखायचं होतं."

बाहेर अजून "मालकीणबाई, बाहेर या" चाललं होतं. मी दारात उभी होते. रोज संध्याकाळी कामाच्या बायका घरी जाताना त्यांच्या पिशव्या मी उघडून बघते. तेल, साखर, शेंगदाणे, काही जायला नको. बावीस वर्षं उमाबाईचीही बघते. आज मी हात पुढं केला नाही. तिनंच पिशवीचे दोन्ही बंद सोडले, तोंड उघडलं आणि माझ्यासमोर धरली.

मी वाकून आत बघितलं.